मुलं वयात येताना त्यांना काय सांगायचं, आणि कधी?

"आईला शिवू नको, तिला कावळा शिवलाय." पाळीबद्दल लहान मुलांना मिळणारं हे आपल्याकडचं जुनं उत्तर. माधवनगर असो की सातारा, मागच्या पिढीतल्या बहुतेकांनी ते ऐकलेलं असतं. उत्तर चतुर आहे, पण ते ऐकून वाढलेल्या मुलीला एक दिवस चड्डीवर रक्त दिसतं तेव्हा कावळा काही कामाला येत नाही. आपल्याला मोठा आजार झाला, असंच तिला वाटतं.

मुलग्यांना तर तेवढंही कोणी सांगत नाही. त्यांच्या वाट्याला 'स्वप्नदोष' हा शब्द येतो, म्हणजे नावातच दोष! झोपेत वीर्य बाहेर पडणं हा आजार नाही. एका थेंबामागे शंभर थेंब रक्त खर्च होतं, ही समजूतही खोटी आहे. वीर्यातला बहुतेक द्रव वीर्यकोश आणि प्रोस्टेट या ग्रंथींत तयार होतो. त्याने अशक्तपणा येत नाही.

मग बोलायचं कधी? शरीर आधी इशारा देतं. मुलींमध्ये साधारण 8 ते 13 या वयात छाती वाढायला लागते आणि पाळी त्यानंतर दोन-अडीच वर्षांनी येते. म्हणजे तुमच्या हातात वेळ असतो. मुलग्यांमध्ये 9 ते 14 या वयात आधी वृषण वाढतात. आवाज फुटणं आणि मिसरूड नंतरचं. मिसरुडाची वाट बघत बसलात तर उशीर झालेला असतो.

भाषण नको, चार साधी वाक्यं पुरतात. "तुझ्या पोटात गर्भपिशवी आहे. तिच्या आत मऊ अस्तर तयार होतं. बाळ राहिलं नाही की ते रक्ताबरोबर बाहेर येतं. तुला काही लागलेलं नाही." पॅड कसं लावायचं ते पाळी येण्याआधीच दाखवा, एक दप्तरात ठेवा, आणि दर चार ते सहा तासांनी बदलायला सांगा. हे भावालाही कळू द्या. वर्गातल्या मुलीच्या ड्रेसवर डाग दिसला की हसणारा मुलगा बहुतेकदा घरी काहीच न सांगितलेला असतो.

संकोच वाटतो हे खरं, आणि तो फक्त घरातला नाही. र. धों. कर्वे 1927 पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवत. त्यात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना त्यांनी दिलेली उत्तरं अश्लील ठरवून 1934 मध्ये खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते, तरी कर्व्यांना दंड झालाच. 2007 मध्ये विधिमंडळात गदारोळ झाला आणि राज्य सरकारने शाळांमधलं लैंगिक शिक्षण थांबवलं. दुसरीकडे गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांच्या 'तारुण्यभान' शिबिरांमध्ये मुलं-मुली हेच विषय मोकळेपणाने बोलतात. म्हणजे मराठीत बोलता येत नाही असं नाही.

अवयवांची खरी नावं लहानपणीच शिकवा: शिश्न, वृषण, योनी. 'शूची जागा' एवढंच माहीत असलेल्या मुलाला कोणी नको तिथे हात लावला, तर नेमकं काय झालं हे सांगणं अवघड जातं. असं काही कळलं तर आधी मुलाचं शांतपणे ऐका, ओरडू नका. 1098 ही मुलांसाठीची मोफत हेल्पलाइन आहे. 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार असा गुन्हा कळल्यावर पोलिसांना सांगणं बंधनकारक आहे, करणारा घरातला असला तरी.

पहिली दोन-तीन वर्षं पाळी मागेपुढे होते, त्याची काळजी नको. मात्र मुलीत 8 च्या आधी किंवा मुलग्यात 9 च्या आधी बदल सुरू झाले, मुलीत 13 पर्यंत आणि मुलग्यात 14 पर्यंत काहीच बदल दिसला नाही, किंवा 15 पूर्ण होऊनही पाळी आली नाही, तर डॉक्टरांना दाखवा. तासातासाला पॅड भिजत असेल तर पुढच्या पाळीची वाट बघू नका.