नगरच्या ख्रिस्ती कीर्तनातली विहीर

नगर शहरात अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ साली सुरू झाले, आणि दोन वर्षांनी तिथली पहिली मंडळी उभी राहिली. इतिहासाच्या पुस्तकांत पुढे मिशनरींची नावे येतात, शाळा येतात, दवाखाने येतात. पण नेवासे, राहुरी, शेवगावकडच्या खेड्यांत आमच्या पणजा-पणजींनी ख्रिस्त कसा ओळखला, हे त्या पुस्तकांत फारसे सापडत नाही. बहुतेकांना वाचता येत नव्हते. त्यांच्यापर्यंत शुभवर्तमान पोचले ते कीर्तनातून.

ख्रिस्ती कीर्तनाचा पाया नगरमध्ये १८६०च्या दशकात घातला गेला. त्यात कृष्णराव सांगळे यांचे नाव आदराने घेतले जाते. त्यांची पदे आमच्या घरात आजही म्हणतात. ज्या नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्याच तालुक्यात वडाळ्याचे मिशन होते. तिथल्या माणसांच्या कानांना टाळ आणि अभंग परके नव्हते. देवाबद्दल ऐकायचे ते गाण्यातून आणि गोष्टीतून, ही त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. पूर्वरंगात एक वचन, उत्तररंगात उधळ्या पुत्राचे किंवा हरवलेल्या मेंढराचे आख्यान, हा साचा त्यांना समजावून सांगावा लागला नाही.

माझे आजोबा या परंपरेतले. गॅसबत्ती, पेटी, तबला आणि एक जाड वही, एवढ्यावर त्यांचे कीर्तन चाले. त्यांचे सगळ्यांत गाजलेले आख्यान विहिरीवरच्या शोमरोनी बाईचे होते. येशू दमून विहिरीपाशी बसला आहे, दुपार झाली आहे, एक बाई पाणी भरायला येते आणि तो तिच्याकडे प्यायला पाणी मागतो. शोमरोन्यांशी संबंध न ठेवणाऱ्या यहूद्यांतला माणूस शोमरोनी बाईच्या हातचे पाणी मागतो! आजोबा इथे थांबत. समोर गावकुसाबाहेरची माणसे बसलेली असत. गावच्या विहिरीला त्यांनी हात लावायचा नाही. काठापासून दूर उभे राहून, कुणीतरी वरून पाणी ओतेल म्हणून वाट बघायची, हे त्यांनी स्वतः भोगलेले. त्यांना या गोष्टीचा अर्थ फोडून सांगायची गरज नव्हती. ‘देवाचा पुत्र आपल्याकडं पाणी मागतोय,’ असे एखादी म्हातारी मोठ्याने म्हणे आणि पुढचे पद सुरू होई.

लिहिता-वाचता येणाऱ्यांसाठी हेच काम ‘ज्ञानोदय’ने केले. जून १८४२ मध्ये हे नियतकालिक नगरमध्येच सुरू झाले. त्यात धर्माच्या मजकुराशेजारी शास्त्र, भूगोल आणि देशोदेशीच्या बातम्या असत. जोतीराव फुल्यांच्या शाळांची दखलही त्याने घेतली. सुरुवातीच्या अंकांतली हिंदू चालीरीतींवरची टीका मात्र कठोर होती, आणि ती भाषा मला पटत नाही. दुसऱ्याच्या देव्हाऱ्याचा उपहास करून आपला देव मोठा होत नाही. पुढे १९१२ पासून रेव्हरंड नारायण वामन टिळक मराठी विभागाचे संपादक झाले. ख्रिस्त इथल्या मातीतल्या भक्तीतून कळावा, हा त्यांचा आयुष्यभराचा ध्यास होता. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात सांगितलेला प्रवास मला त्याहूनही जवळचा वाटतो. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांना कुणाच्या प्रवचनामुळे पडला नाही. शिवाशिव, खाणे, पाणी, सोवळे यांच्या रोजच्या त्रासातून तो उभा राहिला, आणि उत्तरही त्यांनी स्वतःच शोधले.

कीर्तन ऐकणारे काय किंवा लक्ष्मीबाई काय, त्यांनी आपल्या जगण्यातूनच देव ओळखला. पण असे घडणाऱ्या गोष्टींत देवाचे बोलणे शोधण्याला एक धोकाही आहे. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ, १८९६ नंतरची प्लेगची साथ, १८९९-१९०० चा पुन्हा दुष्काळ, अशा प्रत्येक वेळी ‘ही पापाची शिक्षा’ असे म्हणणारे लोक सगळ्याच धर्मांत निघाले. आमच्यातही निघाले. १९७२च्या दुष्काळात मी लहान होते. बायामाणसे दुष्काळी कामावर खडी फोडत होती, मुलांना सुकडी मिळत होती. तेव्हा एका प्रार्थनासभेत कुणीतरी म्हणाले की देव कोपला आहे. पुढच्याच शनिवारी आजोबांनी लूकच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय लावला.

त्या अध्यायात लोक येशूकडे ताजी बातमी घेऊन येतात. रोमी सुभेदार पिलाताने गालीलातल्या काही जणांना यज्ञाच्या वेळीच मारले आहे. येशू त्यात शिलोहाच्या बुरुजाची बातमी घालतो. बुरूज कोसळून अठरा माणसे मेली होती. ती इतरांपेक्षा जास्त पापी होती का, असे तो विचारतो, आणि नाही असे स्पष्ट सांगतो. मग स्वतःकडे वळा, असे ऐकणाऱ्यांनाच बजावतो. पाठोपाठ फळ न देणाऱ्या अंजिराच्या झाडाचा दाखला येतो. मालक झाड तोडायला निघतो आणि माळी एक वर्षाची मुदत मागतो. आळे करतो, खत घालतो, असे म्हणतो. आजोबांनी त्या रात्री सगळा भर माळ्यावर दिला. दुसऱ्याचे पाप मोजत बसू नका, ज्याच्या चुलीत जाळ नाही त्याच्या घरी जा, असे त्यांनी सरळ सांगितले. कीर्तन संपल्यावर धान्य गोळा झाले. ते वाटताना कोण मंडळीतला आणि कोण बाहेरचा, हे पाहिले नाही.

‘पोटासाठी धर्म बदलला’ असे आमच्या वाडवडिलांबद्दल आजही बोलले जाते. भुकेल्या माणसाला अन्न देणाऱ्याचा देव जवळचा वाटला, तर त्यात लाज कसली? पण तेवढ्यावर पाच-सहा पिढ्या टिकत नाहीत. दुष्काळ सरले, मदत थांबली, तरी लोक कीर्तनाला येत राहिले. कारण त्यांची विहीर, त्यांचे शेत आणि त्यांचा अपमान त्या आख्यानांत होता.

आता खेड्यापाड्यांतल्या सभांना स्पीकर आणि कीबोर्ड असतात, आणि कीर्तन करणारे विरळ झाले आहेत. आजोबांच्या वहीची अर्धी पाने वाळवीने खाल्ली. नगर जिल्ह्यातल्या, आताच्या अहिल्यानगरमधल्या, अनेक घरांत अशा वह्या ट्रंकांमध्ये पडून असतील. त्या रद्दीत घालू नका. मोबाईलवर पानापानाचे फोटो काढा. ज्यांना चाली येतात त्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसून, ती आहेत तोवर, त्या म्हणवून घ्या आणि रेकॉर्ड करून ठेवा.