एक छप्पर, एक भाव, एक कपबशी : सातारा-सांगली परिसरातील भांडारे व चहापान यांचा सामाजिक इतिहास

प्रस्तावना :
जुन्या, देखण्या डिपार्टमेंटल स्टोअरविषयी आणि त्यांना जोडलेल्या चहागृहांविषयी आज जगभर एक हळवी ओढ दिसून येते. उंच छत, काचेची कपाटे, संगमरवरी टेबले, गणवेशातील सेवक आणि चिनीमातीची नाजूक कपबशी हे त्या स्मरणरंजनाचे ठरलेले घटक होत. स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात केट क्रॅन्स्टन यांनी १९०३ मध्ये सुरू केलेले 'विलो टी रूम्स' हे त्याचे ठळक उदाहरण आहे. चार्ल्स रेनी मॅकिन्टॉश या वास्तुशिल्पकाराने सजविलेली ही वास्तू पुढे डॅलीज या डिपार्टमेंटल स्टोअरमध्ये सामावली गेली. २०१८ मध्ये काळजीपूर्वक जीर्णोद्धार करून ती मूळ रूपात पुन्हा खुली करण्यात आली.

इंग्रजी धर्तीचे असे भव्य स्टोअर सातारा-सांगली परिसराच्या वाट्याला आले नाही. येथील स्मरणरंजन जुन्या पेठा, सराफी पेढ्या, स्वदेशी मालाची दुकाने, ग्राहक भांडारे आणि चहाची हॉटेले यांच्याभोवती फिरते. तरीही 'सर्व वस्तू एका छपराखाली, सर्वांना एकच भाव आणि बसून चहा घेण्याची सोय' ही कल्पना या भागात वेगवेगळ्या वाटांनी येऊन पोहोचली. या वाटांचा मागोवा घेणे आणि त्या छपराखाली कोणाला प्रवेश होता, हा प्रश्न तपासणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे.

मुंबईतील साहेबी भांडारे :
डिपार्टमेंटल स्टोअरचा उगम सामान्यतः पॅरिसमधील बॉन मार्शे या दुकानाशी जोडला जातो. अरिस्तिद बूसिको १८५२ मध्ये त्याचे भागीदार झाले. वस्तूवर किंमत लिहिलेली असणे, घासाघीस नसणे आणि खरेदीची सक्ती न करता कोणालाही आत फिरू देणे ही नव्या पद्धतीची वैशिष्ट्ये होती. भारतात ही पद्धत इंग्रजी व्यापाऱ्यांनी आणली. १८८२ मध्ये कलकत्त्यात स्थापन झालेल्या व्हाइटअवे लेडलॉ या कंपनीचे भव्य दुकान मुंबईत हॉर्नबी रोडवर, म्हणजे आजच्या दादाभाई नौरोजी मार्गावर, उभे राहिले. आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सने १८९१ मध्ये मुंबईत शाखा उघडली.

या दुसऱ्या संस्थेचा इतिहास विशेष लक्षणीय आहे. १८७१ मध्ये लंडनमध्ये तिची स्थापना झाली ती 'को-ऑपरेटिव्ह सोसायटी' म्हणून. लष्करी व नौदल अधिकाऱ्यांनी आपल्याला रास्त दरात माल मिळावा यासाठी उभारलेली ती सहकारी संस्था होती. रॉचडेल येथील कामगारांनी १८४४ मध्ये ज्या तत्त्वावर किराणा दुकान काढले, त्याच तत्त्वाचा अधिकारी वर्गाने आपल्या सोयीसाठी केलेला हा उपयोग होय. एकच भाव होता; मात्र तो सभासदांपुरता होता. साहेबी भांडाराच्या डौलाचे वर्णन करताना हा तपशील सहसा गाळला जातो.

सातारा जिल्ह्याशी या जगाचा संबंध महाबळेश्वरमुळे आला. सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत १८२८-२९ च्या सुमारास वसलेले हे थंड हवेचे ठिकाण पुढे मुंबई सरकारचे उन्हाळी वास्तव्यस्थान झाले. तेथील माल्कम पेठेचा बाजार साहेबांच्या हंगामी गरजांवर वाढला. तुरुंगात ठेवलेल्या चिनी कैद्यांकडून तेथे बटाटे व विलायती भाजीपाला पिकविला जात असे. या मोसमी वैभवामागचे श्रम त्या कैद्यांचे व भोवतालच्या खेड्यांतील लोकांचे होते.

पेठ आणि गादी :
मैदानी शहरांतील व्यापाराची रीत निराळी होती. साताऱ्यातील वारांच्या नावांच्या पेठा व मोती चौक, सांगलीतील गणपती पेठ, कापड पेठ व सराफ कट्टा ही खरेदीची केंद्रे होती. सांगलीत १८३२ मध्ये सुरू झालेली गाडगीळ सराफांची पेढी या परंपरेची साक्ष देते. अशा दुकानांत गादी-तक्क्यावर बसलेला मालक, समोर पसरलेला माल, पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख आणि खातेवही यांवर व्यवहार चाले. विश्वास हे या पद्धतीचे बळ होते. विवाहाची खरेदी केवळ शब्दावर होत असे आणि पैसे सुगीनंतर चुकते केले जात.

परंतु ओळखीवर चालणाऱ्या व्यवहारात ओळख नसलेल्याला किंवा ज्याची ओळखच हीन मानली गेली त्याला वेगळी वागणूक मिळे. गादीवर कोणी बसायचे, पायरीवर कोणी थांबायचे आणि कोणाच्या ओंजळीत माल वरून टाकायचा, हे जातीवरून ठरत असे. उधारीमुळे भावही ग्राहकागणिक बदले. म्हणून 'एकच भाव' या पाटीमागे व्यापारी सोयीबरोबरच एक सामाजिक शक्यताही दडलेली होती.

स्वदेशी भांडार आणि या परिसरातील कारखाने :
साताऱ्यात १८२८ मध्ये जन्मलेले गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच सार्वजनिक काका, यांनी १८७० च्या दशकात स्वदेशी मालाच्या विक्रीचा पुरस्कार केला. १८७७ च्या दिल्ली दरबारास ते खादीच्या पोशाखात उपस्थित राहिले. वंगभंगानंतरच्या चळवळीत, १९०५-०६ च्या सुमारास, मुंबईत बॉम्बे स्वदेशी को-ऑपरेटिव्ह स्टोअर्सची स्थापना झाली. लोकमान्य टिळक व रतन टाटा यांची नावे तिच्याशी निगडित आहेत. साहेबी भांडाराचे रूप तेच ठेवून आतील माल देशी असावा, ही तिच्यामागील भूमिका होती. स्वातंत्र्यानंतर व्हाइटअवे लेडलॉच्या इमारतीत खादी भांडार आले, ही घटना त्याच प्रवासाचा पुढील टप्पा म्हणता येईल.

स्वदेशी दुकान चालवायचे तर देशी माल तयार व्हावा लागतो. तो तयार करणारे दोन महत्त्वाचे उद्योग औंध संस्थानाच्या आश्रयाने याच परिसरात उभे राहिले. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० मध्ये कुंडलजवळ किर्लोस्करवाडी वसविली व लोखंडी नांगरांचे उत्पादन वाढविले. कराडजवळ ओगलेवाडी येथे १९१६ मध्ये ओगले काच कारखाना सुरू झाला आणि त्याचा 'प्रभाकर' कंदील घरोघरी पोहोचला. या दोन्ही कारखान्यांच्या मालाची विक्री करण्यासाठी गावोगाव फिरलेला एक प्रतिनिधी पुढे कर्मवीर भाऊराव पाटील म्हणून ओळखला गेला. नांगर आणि कंदील विकताना ग्रामीण समाजाचे त्यांनी जे दर्शन घेतले, ते त्यांच्या शैक्षणिक कार्याची पार्श्वभूमी ठरले. १९१९ मध्ये त्यांनी काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये साताऱ्यात सुरू केलेल्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहू व एका पंक्तीत जेवू लागली.

मसूर स्थानक, १९०१ :
भांडार आणि पंगत यांतील अंतर किती मोठे होते, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात नोंदविलेल्या एका प्रसंगावरून स्पष्ट होते. १९०१ च्या उन्हाळ्यात साताऱ्याहून वडिलांना भेटण्यासाठी बाळ भीमराव व त्यांच्यासोबतची मुले गोरेगावला निघाली. प्रवासासाठी विलायती बनावटीचे सदरे, जरीच्या टोप्या, नवे जोडे व रेशीमकाठी धोतरे घेतलेली होती. मसूर स्थानकावर उतरलेली ही नीटनेटकी मुले उच्च जातीची असावीत, असे स्टेशनमास्तरांना वाटले. जात समजताच त्यांची वागणूक पालटली. दुप्पट भाडे देऊनही गाडीवान गाडी हाकण्यास तयार नव्हता. मुलांनी ती स्वतः हाकावी आणि आपण बरोबर चालावे, या अटीवर तो राजी झाला. जवळ जेवण होते, पण रात्रभर पिण्यास पाणी मिळाले नाही.

या प्रसंगाचा अर्थ बाजाराच्या इतिहासातही महत्त्वाचा आहे. पैसे मोजून विलायती सदरा विकत घेता येत होता. त्या सदऱ्याने काही क्षण ओळखही झाकली. परंतु पाण्याचा पेला पैशाने मिळत नव्हता.

चहाचा कप :
पाण्याचे हेच बंधन चहावर होते. पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये १४ ऑक्टोबर १८९० रोजी रानडे, टिळक आदी मंडळी चहापानास एकत्र आली. त्यातून ग्रामण्य उभे राहिले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले व प्रायश्चित्ताचा वाद वर्षानुवर्षे चालला. मिशनऱ्यांच्या हातचा चहा एवढे वादळ उठवू शकत होता, तर 'अस्पृश्य' मानलेल्या व्यक्तीच्या हातच्या चहाची कल्पनाही त्या काळात असह्य होती.

नेमकी तीच गोष्ट शेजारच्या कोल्हापुरात घडली. राजर्षी शाहू महाराजांनी आपल्या कारकिर्दीच्या अखेरच्या वर्षांत गंगाराम कांबळे यांना चहाचे हॉटेल काढण्यास उत्तेजन दिले. भाऊसिंगजी रस्त्यावरील या 'सत्यसुधारक' हॉटेलासमोर महाराज आपली गाडी थांबवीत, स्वतः चहा घेत व सोबतच्या मंडळींनाही देत. १९१९ मध्ये त्यांनी सार्वजनिक ठिकाणी अस्पृश्यता पाळण्यास मनाई करणारे हुकूमही काढले होते. हुकमाला आचरणाची जोड देणारे ठिकाण एक साधे चहाचे दुकान होते. वास्तुसौंदर्याच्या दृष्टीने त्याची ग्लासगोच्या चहागृहाशी तुलना होणार नाही. सामाजिक अर्थाने मात्र दोहोंत साम्य आहे. ग्लासगोच्या चहागृहांनी मध्यमवर्गीय स्त्रियांना सोबतीला पुरुष नसतानाही सन्मानाने बसण्याची जागा दिली. कोल्हापूरच्या हॉटेलाने एका दलित व्यावसायिकाला सन्मानाने चहा देण्याचा हक्क मिळवून दिला.

असे असले तरी सर्वत्र बदल झाला नाही. अनेक गावांत दलितांची कपबशी हॉटेलाबाहेर निराळी ठेवण्याची प्रथा स्वातंत्र्यानंतरही टिकून राहिली. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १५ (२) मध्ये दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे व हॉटेले यांतील प्रवेशाचा उल्लेख एकाच ओघात येतो. मसूरला पाण्यावाचून रात्र काढणारा मुलगाच संविधानाच्या मसुदा समितीचा अध्यक्ष झाला होता, हे लक्षात घेतले म्हणजे या शब्दांचे मोल उमगते.

सहकारी भांडार :
१९६२ च्या चिनी आक्रमणानंतर भाववाढ रोखण्यासाठी केंद्र सरकारने ग्राहक सहकारी भांडारांची योजना हाती घेतली. १९६६ च्या रुपयाच्या अवमूल्यनानंतर दिल्लीत सुपर बझार सुरू झाला. ग्रामीण भागात या कल्पनेला भरीव रूप मिळाले ते वारणा खोऱ्यात. सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांच्या सीमेवरून वाहणाऱ्या वारणेकाठी तात्यासाहेब कोरे यांनी साखर कारखान्याभोवती सहकाराचे जाळे विणले. त्यातूनच १९७० च्या दशकात वारणा बाजार उभा राहिला. शहरी डिपार्टमेंटल स्टोअरची रचना ग्रामीण ग्राहकाच्या दारी आणण्याचा हा प्रयोग होता. भुसार माल, कापड, भांडी व शेतीची साधने छापील भावाने एके ठिकाणी मिळू लागली. सुगीवर उधारी फेडणाऱ्या कुटुंबातील स्त्रीला वस्तू हातात घेऊन, किंमत वाचून निवड करता येणे, हा बदल लहान नव्हता.

येथे सहकाराचे एक वर्तुळ पुरे झाले. अधिकाऱ्यांच्या सोसायटीने सुरू झालेली वाट स्वदेशीमार्गे ऊसउत्पादकाच्या बाजारापर्यंत आली. मात्र सभासदत्वाचा प्रश्न येथेही संपत नाही. ज्यांच्याकडे ऊस नाही व जमीनही नाही, अशा शेतमजुराचे सहकाराच्या या जगातील स्थान स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. पुढे अनेक ग्राहक भांडारे व्यवस्थापनातील दुर्बलता आणि खासगी स्पर्धा यांमुळे क्षीण झाली. आज त्यांच्याविषयीही हळहळ व्यक्त होते.

समारोप :
वरील विवेचनावरून असे दिसते की, जुन्या भांडारांविषयीची ओढ निराधार नाही. ओळख, निवांतपणा व मालाची खात्री ही त्यांची मूल्ये खरी होती. परंतु ती सर्वांच्या वाट्याला सारखी आली नाहीत. जुन्या वास्तूचा जीर्णोद्धार करताना लाकूडकाम व काचा पूर्ववत करता येतात. कोणाला कोठे बसू दिले जात होते, ही आठवण मात्र आपोआप जतन होत नाही. ती नोंदवावी लागते.

सातारा-सांगलीतील महाविद्यालयांना हे कार्य सहज हाती घेता येईल. जुन्या पेढ्यांच्या खातेवह्या, भांडारांचे वार्षिक अहवाल व दरपत्रके यांचा संग्रह व्हावा. त्याबरोबरच दुकानाच्या पायरीवर उभे राहिलेल्या आणि निराळ्या कपातून चहा प्यालेल्या पिढीच्या मुलाखतीही घेतल्या जाव्यात. ती पिढी आता वयोवृद्ध झाली आहे. खातेवह्या आणखी काही वर्षे टिकतील. या आठवणी मात्र आताच लिहून घ्याव्या लागतील.