नवी विटी, जुना दांडू

सातारकराला इतिहास शिकवावा लागत नाही. काहींना दमा जन्मतःच असतो, तसा त्याला इतिहास असतो. चहाची टपरी दहा हात पलीकडे सरकली तरी 'शाहू महाराजांच्या वेळी इथं काय होतं' यावर अर्धा तास जातो. सांगलीकराचं वेगळं. त्याला मागच्या शतकापेक्षा मागच्या आठवड्यातल्या हळदीच्या भावात अधिक रस. माझी निम्मी नोकरी साताऱ्यात आणि निम्मी सांगलीत झाली असल्यामुळे माझ्यात दोन्ही गावांचे दोष समप्रमाणात उतरले आहेत. प्रत्येक गोष्टीचा इतिहास काढायचा आणि तो काढताना भाव विचारायचा.

त्यामुळे कॉम्प्युटरवर नवी प्रणाली बसवली की पडदा का मंदावतो, हा प्रश्न जगाने इंजिनिअरला विचारला तरी मी तो इतिहासाला विचारतो. इंजिनिअर फोन उचलत नाही. इतिहास बिचारा कधीही मोकळा असतो.

आता तुम्ही म्हणाल, कॉम्प्युटरचा कसला आलाय इतिहास! पण चित्र एका ठिकाणी आणि काम दुसऱ्या ठिकाणी, ही व्यवस्था काही अमेरिकेत निघालेली नाही. ती साताऱ्यात निघाली. १७०८ मध्ये शाहू महाराजांना साताऱ्यात राज्याभिषेक झाला. १७४९ मध्ये ते गेले आणि कारभार पुण्याला सरकला. म्हणजे आजच्या भाषेत पडदा साताऱ्यात आणि प्रोसेसर पुण्यात. पेशव्याच्या हातात सगळी सत्ता. पण पेशवेपदाची वस्त्रं साताऱ्याहून छत्रपतींकडूनच यायला हवीत. ती अंगावर पडेपर्यंत पेशवा आहे, पण दिसत नाही. मधली केबल म्हणजे घोडेस्वार. आमच्या काउंटरवर नोंद झालेली असते आणि पडद्यावर उमटत नाही, तेव्हा मला नेहमी वस्त्रांची वाट पाहणाऱ्या पेशव्याची आठवण होते. त्याच्यापुढे निदान पेन्शनरांची रांग तरी नव्हती.

दुसरं उदाहरण मोडीचं. मोडी हे निव्वळ वेगासाठी केलेलं काम होतं. आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शिरोरेषा मारायची, मग तिच्याखाली अक्षरं लटकवत जायचं, बोरू शक्यतो उचलायचा नाही. ऱ्हस्व-दीर्घाची भानगडच नाही. साताऱ्याच्या छत्रपतींचा पत्रव्यवहार असो की सांगलीच्या व्यापाऱ्याची कीर्द-खतावणी असो, सगळं मोडीत. पुढे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मोडी हळूहळू कारभारातून आणि मग शाळांतूनही गेली आणि बाळबोध आली. बाळबोध देखणी, सुटसुटीत, कुणालाही वाचता येणारी. पण लिहायला सावकाश. प्रत्येक अक्षराला हात उचला, काना द्या, वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ याचा विचार करा. चित्र सुधारलं, वेग गेला. शिवाय जुन्या फायली नव्या प्रणालीत उघडेनाशा झाल्या, तेही आलंच. लाखो मोडी कागद दप्तरखान्यांत पडून आहेत आणि ते वाचणारी माणसं मोजकी.

(मिरजकरांनी रागावू नये म्हणून सांगतो, त्यांच्याकडचं उदाहरण याहून जुनं आहे. १८०५ मध्ये मिरजेत पटवर्धनांनी तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरं कोरून भगवद्गीता छापली. मूळ बेत नाना फडणविसांचा. ते १८०० मध्ये वारले आणि काम मिरजेला आलं. छपाई म्हणजे लिहिण्यापेक्षा झटपट, ही आपली समजूत; पण पानंच्या पानं तांब्यावर उलटी कोरायची म्हणजे काय, हे त्या तांबटालाच ठाऊक.)

असो. बँकेकडे वळतो.

बँकांत यंत्रं आली ती वाजतगाजत नव्हे, भांडत भांडत. १९८३ मध्ये बँकांची संघटना आणि कर्मचाऱ्यांच्या संघटना यांच्यात यंत्रीकरणाचा करार झाला. १९८४ मध्ये डॉ. रंगराजन समितीचा अहवाल आला. मग लेजर पोस्टिंगची यंत्रं आली आणि पाठोपाठ काळ्या पडद्याचे कॉम्प्युटर. आमच्या ज्येष्ठांकडून त्या काळ्या पडद्याची स्तुती ऐकत मी नोकरीत वाढलो. त्या पडद्यावर आडवी ८० आणि उभी २५, म्हणजे एकूण २,००० अक्षरं मावत. प्रत्येक अक्षराला २ बाइट, एक अक्षराचा आणि एक त्याच्या रंगाचा. झाले ४,०००. बटण दाबलं की पान हजर. आजच्या साध्या पडद्यावर १,९२० गुणिले १,०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात, आणि प्रत्येक ठिपक्याला ४ बाइट धरले तर पडदा एकदा रंगवायला सुमारे ८३ लाख बाइट लागतात. म्हणजे काम दोन हजार पटींहून अधिक वाढलं. गिऱ्हाइकाची शिल्लक मात्र तेव्हाही चार आकडी होती, आजही चार आकडीच आहे. फक्त आता ती सावलीसकट दिसते.

मी कॉमर्सचा पदवीधर. मला यातलं जे काही कळतं ते जमाखर्चाच्या भाषेत कळतं, तेव्हा तसंच सांगतो. विंडोज एक्सपी ही प्रणाली २००१ मध्ये आली. तिच्यात सगळ्या खिडक्या मिळून एकाच फळ्यावर लिहीत. रेघ मारायची, चौकोन भरायचा, अक्षर उमटवायचं, या कामात ग्राफिक्स कार्ड थेट हात देई. एक खिडकी दुसरीवरून सरकली की खालचं पुसलं जाई आणि खालच्या खिडकीला 'बाई, परत लिही' म्हणून सांगावं लागे. ती झोपली असली तर वरच्या खिडकीचा माग पडद्यावर पत्त्यांच्या पिसाऱ्यासारखा पसरे. दिसायला गबाळं, पण काम जागच्या जागी.

मग ३० जानेवारी २००७ रोजी व्हिस्टा बाजारात आली. तिने सांगितलं, फळ्यावर कुणी थेट लिहायचं नाही. प्रत्येक खिडकीने आपापल्या वहीत लिहावं आणि त्या सगळ्या वह्या एक हेडक्लार्क गोळा करून, एकावर एक मांडून, काचेची झळाळी देऊन फळ्यावर लावील. कल्पना उत्तम. माग पडायचा बंद झाला, खिडक्या पारदर्शक झाल्या. पण साध्या रेघा-अक्षरांना कार्डाचा जो थेट हात होता तो सुटला. ते काम मुख्य प्रोसेसरच्या गळ्यात पडलं, आणि वही ठेवायची तीही दोन प्रतींत, एक मुख्य स्मरणात आणि एक कार्डाच्या स्मरणात. आधी कीर्द, मग खतावणी! डबल एन्ट्रीचा शोध लागल्याबद्दल कॉमर्सवाल्याला अभिमान वाटायला हवा, पण मशीनला घाम फुटला त्याचं काय? २००९ च्या विंडोज ७ मध्ये ती दुसरी प्रत काढून टाकली आणि कार्डाचा हात काही अंशी परत दिला, तेव्हा कुठे लोकांचा जीव भांड्यात पडला.

मधल्या काळात अमेरिकेत कज्जा झाला. २००६ मध्ये दुकानांतल्या कॉम्प्युटरवर 'व्हिस्टा चालेल' अशी चिकटपट्टी लावून माल विकला होता. घरी नेल्यावर व्हिस्टा चाले, पण ती काचेची झळाळी दिसेना, कारण आतल्या स्वस्त चिप्सना ते झेपत नव्हतं. गिऱ्हाइकं २००७ मध्ये सिअ‍ॅटलच्या कोर्टात गेली. २००८ मध्ये कंपनीचा आतला पत्रव्यवहार उघड झाला, त्यात खुद्द कंपनीच्या एका उपाध्यक्षाने लिहिलं होतं की आपण चिकटपट्टी बघून लॅपटॉप घेतला आणि २,१०० डॉलरमध्ये आपल्याला ईमेल बघायचं यंत्र मिळालं. हे वाचून मला जो आनंद झाला तो सांगता येत नाही. सासरेबुवांनाही आपल्याच दुकानची साडी आटलेली मिळाली, असा तो आनंद. दाव्याला पुढे २००९ मध्ये सामूहिक दाव्याचा दर्जा उरला नाही, ही गोष्ट निराळी.

जाणकार याला नियमच मानतात. निकलाउस विर्थ या स्विस संगणकशास्त्रज्ञाने १९९५ मध्ये लिहिलं की यंत्रं जितक्या वेगाने जलद होतात त्याहून जास्त वेगाने आज्ञावली मंद होत जातात. त्याच वर्षी विंडोज ९५ आलं. त्याला किमान ४ एमबी स्मरण लागे. एक्सपीला ६४. व्हिस्टाला ५१२. २०२१ च्या विंडोज ११ ला ४ जीबी. म्हणजे २६ वर्षांत १,०२४ पट! मी लगेच कॅल्क्युलेटर ओढला. द. सा. द. शे. साडेतीस टक्के चक्रवाढ दर पडतो. मुदत ठेवीवर असा दर देतो म्हणणारा माणूस आमच्या भागात दर दहा वर्षांनी उगवतो आणि अकराव्या वर्षी सापडत नाही.

आमच्या भागाला मात्र व्हिस्टाकडे लक्ष द्यायला तेव्हा सवड नव्हती. साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक, जन्म १९३६, ही ऑक्टोबर २००६ मध्ये आयडीबीआयमध्ये विलीन झाली. सांगली बँक, जन्म १९१६, एप्रिल २००७ मध्ये आयसीआयसीआयमध्ये गेली. व्हिस्टा या दोन तारखांच्या बरोबर मध्ये आली. सात महिन्यांत दोन्ही गावांतली माणसं पिढीजात पासबुकं बदलत होती. प्रणालीबद्दल बोलतो कोण? कट्ट्यावर 'आपली बँक' हा शब्द भूतकाळात वापरायची सवय लोक करून घेत होते. आमची बँक या दोन्हींपैकी नव्हे. तिचं नाव मी सांगणार नाही, प्रॉव्हिडंट फंड अजून निघायचा आहे.

एक्सपी मात्र मोठी चिवट निघाली. ८ एप्रिल २०१४ ला तिचा आधार कंपनीने काढून घेतला, म्हणजे रीतसर तेरावं झालं. पण एटीएमच्या पोटात बसून ती नोटा मोजतच राहिली. शेवटी जून २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला परिपत्रक काढून बँकांना टप्पे आखून द्यावे लागले, की सप्टेंबरपर्यंत पाव एटीएम बदला, डिसेंबरपर्यंत निम्मी, आणि जून २०१९ पर्यंत सगळी. यात रिझर्व्ह बँकेचं चुकलं असं मी मुळीच म्हणणार नाही. जुनी प्रणाली म्हणजे कडी गंजलेला दरवाजा. हवा छान येते, चोरही येतो. बदल करायलाच हवा होता. माझं म्हणणं एवढंच, की बदलाचा हिशेब करताना काउंटरच्या अलीकडे उभ्या माणसाचा वेळ कोणत्याच रकान्यात धरलेला नसतो.

हे मी ज्यांच्यामुळे म्हणतो ते एक निवृत्त गुरुजी. प्राथमिक शाळेत ३५ वर्षं नोकरी, सगळी तासगाव-मिरज पट्ट्यात. त्यांनी दोन पिढ्यांना अक्षर वळणदार काढायला शिकवलं. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सांगलीच्या आमच्या शाखेत यायचे. एटीएम वापरत नाहीत. सही करून पैसे घ्यायचे, हा त्यांचा बाणा.

पूर्वी नमुना सह्यांची कार्डं लाकडी खणात असत. आमचे शिपाई न बघता कार्ड काढून देत. मग ती स्कॅन होऊन कॉम्प्युटरात गेली आणि तिथेही ठीक उघडत. एका एप्रिलात आमच्या शाखेतली सगळी मशीनं रविवारी नव्या प्रणालीवर नेली आणि सोमवारपासून सही उघडेना. म्हणजे उघडे, पण वरून खाली, पट्टीपट्टीने. आधी शिरोरेषा दिसे. मग मधे काही काळ काहीच नाही. मग अक्षरांचे माथे. रांग दारापर्यंत. आम्ही सगळे पडद्याकडे बघत, उदबत्तीच्या राखेकडे बघावं तसे.

"काय साहेब, अजून शिरोरेषाच का?" गुरुजी विचारत.

"बसा गुरुजी जरा. वेलांटी आली की हाक मारतो."

चार दिवसांनी इंजिनिअर आला. पोरगा चुणचुणीत होता. म्हणाला, "ग्राफिक्स कार्ड जुनं आहे, नव्या प्रणालीत त्याला ड्रायव्हरच मिळालेला नाही." रांगेतून लगेच आवाज आला, "एष्टीचंच झालं की हे!" कार्डाचा स्वतःचा ड्रायव्हर नसला की प्रणाली एक सर्वसाधारण, कामचलाऊ ड्रायव्हर गाडीवर बसवते. त्याला फक्त पहिला गिअर येतो. मग सगळं चित्र मुख्य प्रोसेसर एकट्याने, ठिपका ठिपका करून काढतो. पोराने कुठूनतरी जुळणारा ड्रायव्हर शोधून आणला, खिडक्यांच्या सावल्या नि सरकण्याचे नखरे बंद केले, आणि पडदा एकदम वीस वर्षांपूर्वीसारखा दिसायला लागला. सही टचकन उघडली.

नेमकी तिथे अडचण झाली. आता सही डोळ्यांपुढे लख्ख, आणि शेजारी गुरुजींनी नुकती केलेली सही. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक. त्यांचा हात वर्षभरापासून कापत होता. पट्टीपट्टीने चित्र येत होतं त्या दिवसांत मी पासबुकावरचा फोटो, आधार आणि अधिकाऱ्यांची खातरजमा असं सगळं रीतसर करून पैसे देत होतो, आणि एवढा वेळ हाताशी असल्यामुळे ते कुणाच्या डोळ्यांवर येत नव्हतं. आता चित्र अर्ध्या सेकंदात येऊन 'जुळत नाही' म्हणून सांगत होतं. मागचे लोक घाई करू लागले. नव्याने आलेल्या अधिकारीबाई अगदी सौम्यपणे म्हणाल्या, "आजोबा, अंगठा द्या ना, सोपं पडेल."

गुरुजी काही बोलले नाहीत. त्यांनी स्लिप घडी करून खिशात ठेवली आणि ते बाकावर जाऊन बसले.

बाईंचं नियमाने बरोबर होतं, आणि त्या मनाने चांगल्या. दहा मिनिटांनी त्यांना कुणीतरी गुरुजी कोण ते सांगितलं, तेव्हा त्या स्वतः उठून नवं नमुना कार्ड घेऊन बाकापाशी गेल्या. गुरुजींनी चष्मा पुसला, कार्ड गुडघ्यावरच्या वहीवर ठेवलं आणि सही केली. आधी शिरोरेषा मारली. मग तिच्याखाली एकेक अक्षर बसवलं. मधे दोनदा थांबले. बाई कार्ड धरून उभ्या होत्या.

कार्ड स्कॅन करून मी त्याच दिवशी चढवलं. आता दर महिन्याला ती कापरी सही क्षणात उघडते आणि जुळते. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे सगळीकडेच पुन्हा नवी मशीनं, नवी प्रणाली असं वारं आहे. गुरुजींच्या कानावर ते आलं आहे. परवा पैसे मोजून घेताना त्यांनी विचारलं, "रविवारी बदलणार की काय हो पुन्हा?" आणि मी तारीख ठरली नाही म्हटल्यावर म्हणाले, "ठरली की कळवा. त्या महिन्यात डबा घेऊनच येतो."