महार वतनाची जमीन : सातबाऱ्यावरून नाव गेले असेल तर

घरात वतनाची जमीन होती एवढे ऐकून असलेले तरुण सातबारा काढतात, त्यावर भलतेच नाव पाहतात आणि थेट तलाठ्याशी (आता ग्राम महसूल अधिकारी) भांडायला जातात. आमचे सांगणे एकच : आधी फेरफार काढा.

कारण या जमिनीचा इतिहास वेगळा आहे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनासंबंधी विधेयक मांडले, पण महार वतने गेली ती १९५८ च्या कनिष्ठ गाव वतने नाहीशी करणाऱ्या कायद्याने. जमिनी सरकारजमा झाल्या आणि कब्जेहक्काची रक्कम भरणाऱ्या वतनदाराला 'नवीन अविभाज्य शर्ती'वर परत मिळाल्या. म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी आणि नजराणा यांशिवाय विक्री नाही. सातबाऱ्यावर त्या भोगवटादार वर्ग २ म्हणून दिसतात. कुणी रक्कम मुदतीत भरली नाही, कुणाची जमीन परवानगीविना साध्या कागदावर गेली, कुठे वारस नोंदच झाली नाही. तुमचे प्रकरण यांतले कोणते, त्यावर पुढची वाट ठरते.

सातबाऱ्यावर फेरफार क्रमांक असतात. ते धरून एकेक नोंद मागे जा, थेट पुनर्प्रदानाच्या आदेशापर्यंत. प्रमाणित प्रती तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळतात. टाळाटाळ झाली तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. महाभूलेखवरची फुकटची प्रत नुसती पाहण्यापुरती. हे काम कंटाळवाणे आहे, दोन-चार खेपा होतात. पण कागद हाती नसेल तर वकीलही काही करू शकत नाही.

फेरफाराची नोटीस आली की १५ दिवसांत लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. तहसीलदारांचा आदेश विरोधात गेला तर महसूल संहितेच्या कलम २४७ खाली उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील, मुदत ६० दिवस. मुदत उलटली असेल तर उशिराचे सबळ कारण देऊन माफी मागता येते. कलम १५५ चा अर्ज फक्त लेखनातल्या चुकीसाठी. मालकीचा वाद त्यात घुसडू नका. फेरफाराने मालकी ठरत नाही, ती दिवाणी न्यायालय ठरवते.

वकिलाच्या फीपायी गप्प बसण्याचे कारण नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, कलम १२ नुसार अनुसूचित जातीच्या व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, आणि १९९० पासून बौद्धही त्यात येतात. जातीचा दाखला घेऊन तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे जा, किंवा १५१०० वर फोन करा.

जमिनीवर कुणी बळजबरीने ताबा घेतला असेल तर मात्र अपिलाची वाट पाहू नका. बिगर दलिताने केलेला असा कब्जा अॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा आहे. आधी पोलीस ठाण्यात लेखी फिर्याद द्या, प्रत स्वतःजवळ ठेवा.