एकवाक्यता : हुंडीपासून यूपीआयपर्यंत

सोलापूरच्या नवी पेठेत एका संध्याकाळी आम्ही दोघे शेंगाची चटणी घेण्यासाठी थांबलो होतो. मोबाइलवरून पैसे दिले. रक्कम खात्यातून वजा झाल्याचा संदेशही आला. दुकानातील बोलकी पेटी मात्र मुकीच राहिली. दुकानदार सज्जन गृहस्थ. त्यांनी आमच्यावर अविश्वास दाखवला नाही, एवढेच विचारले, "सर, तुमच्याकडनं गेले म्हणता, माझ्याकडं तर आले नाहीत. मग पैसे हायेत कुठं?" आम्ही रोख रक्कम देऊन परतलो. दुसऱ्या दिवशी गेलेले पैसे खात्यात परतही आले. प्रश्न मात्र मनातून गेला नाही.

विचार करता असे दिसते की, हा प्रश्न पैशाचा नसून वाक्यांचा आहे. एकाच घटनेविषयी दोन वाक्ये उच्चारली गेली, 'गेले' आणि 'आले नाहीत', आणि ती एकमेकांशी जुळली नाहीत. अनेक वाक्यांतून मिळून एकच अर्थ निष्पन्न होणे याला आपल्याकडचे मीमांसक 'एकवाक्यता' म्हणत. ग्रंथाच्या अर्थनिर्णयासाठी घडवलेली ही संज्ञा व्यापाराच्या इतिहासालाही चपखल लागू पडते, हे या निमित्ताने आमच्या ध्यानात आले. दूरच्या माणसाला पैसे पाठवणे म्हणजे वस्तुतः निरोप पाठवणे होय. निरोप वाटेत हरवला तर काय करायचे, हा या व्यवहारातील सर्वांत जुना प्रश्न आहे.

पेशवाईत दूरदेशी रक्कम पाठवायची झाली, तर नाण्यांच्या थैल्या वाटमारीच्या हवाली करण्यापेक्षा हुंडी करणे श्रेयस्कर मानले जाई. एका गावच्या सावकाराने दुसऱ्या गावच्या सावकाराला अमुक रक्कम अमक्याला द्यावी असे लिहून द्यायचे, हे तिचे सामान्य स्वरूप. दाखवताच पैसे द्यावयाची ती दर्शनी, आणि ठरावीक दिवसांनी द्यावयाची ती मुदती. हुंडीच्या मजकुरात रक्कम एकदाच लिहून भागत नसे. तिची निम्मी रक्कम लिहून 'त्याची दुप्पट' असाही उल्लेख केला जाई. शंभरातील एखादे शून्य कोणी वाढवले तर निम्मे पन्नास त्याच्याविरुद्ध साक्ष देत. म्हणजे मजकूर स्वतःच स्वतःला ताडून पाही.

याहून मोलाची व्यवस्था होती ती हरवलेल्या हुंडीची. मूळ हुंडी गहाळ झाली तर तिची दुसरी प्रत दिली जाई, तिला 'पेठ' म्हणत. तीही हरवली तर तिसरी, 'परपेठ'. या प्रतींत आधीच्या लेखाचा उल्लेख असे आणि आधीच्या लेखावर पैसे दिले गेले नसतील तरच हिच्यावर द्यावेत, असा तिचा आशय असे. पैसे दिल्यानंतर रद्द झालेल्या हुंडीला 'खोका' म्हणत आणि तो पुराव्यादाखल जपून ठेवला जाई. कागद तीनदा निघाला तरी पैसे एकदाच निघावेत, हे या साऱ्यामागचे सूत्र होते. उत्तर न येणे म्हणजे नकार नव्हे. पैसे दिले गेले असतील आणि केवळ पोच हरवली असेल, हीही शक्यता आहे. म्हणून निरोप पुन्हा पाठवताना तो नवा नाही, जुन्याचीच आवृत्ती आहे, हे त्यात लिहिलेच पाहिजे. हा विवेक या व्यापाऱ्यांनी केवळ अनुभवातून मिळवला होता. १८८१ च्या पराक्राम्य लेखांच्या कायद्यानेही देशी भाषांतील अशा लेखांविषयीच्या स्थानिक रूढींना हात लावला नाही.

पण या व्यवस्थेचे गुणगान करताना तिची मर्यादा झाकणे उचित नव्हे. हुंडी पतीवर चालत असे, आणि पत सावकाराला होती, विणकराला नव्हती. तेलंगणातून सोलापुरात आलेल्या, माग चालवणाऱ्या सामान्य माणसाला गावी पैसे पाठवण्याचा आधार मिळाला तो टपालखात्याचा. १ जानेवारी १८८० पासून टपालखात्याने मनीऑर्डर सुरू केली. तिच्यासोबत पैसे घेणाऱ्याच्या सहीची किंवा अंगठ्याची पोच परत येई. ती पोच येईपर्यंत जीव टांगणीला लागलेला असे हे खरे, पण उत्तर येणार आणि ते एकच असणार याची खात्री होती. या पोचेला हुंडीच्या खोक्याचीच धाकटी बहीण म्हणता येईल.

आता आपल्या काळाकडे येऊ. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया, म्हणजे एनपीसीआय, ही संस्था २००८ मध्ये स्थापन झाली. मुंबईत मुख्यालय असलेल्या या संस्थेची यूपीआय ही व्यवस्था ११ एप्रिल २०१६ रोजी रिझर्व्ह बँकेचे तत्कालीन गव्हर्नर रघुराम राजन यांच्या हस्ते सुरू झाली. आपण मोबाइलवर बोट ठेवतो तेव्हा पैसे देणाऱ्याचे ॲप, त्याची बँक, मधली एनपीसीआय आणि घेणाऱ्याची बँक यांच्यात प्रश्नोत्तरांची एक मालिका घडते. या प्रश्नोत्तरांचा जो ठरलेला मसुदा, त्याला संगणकाच्या परिभाषेत एपीआय म्हणतात. हा पत्ता खरा आहे काय, ही रक्कम वजा करावी, ही जमा करावी, त्या व्यवहाराचे काय झाले, अशी ती वाक्ये असतात. प्रत्येक व्यवहाराला स्वतःचा वेगळा क्रमांक असतो आणि पुढचा प्रत्येक निरोप त्याच क्रमांकाचा हवाला देतो. पेठेत मूळ हुंडीचा उल्लेख असे, त्याच जातीची ही युक्ती आहे.

या व्यवस्थेची वाढ थक्क करणारी आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये महिन्याचे व्यवहार १०० कोटींच्या पुढे गेले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २००० कोटींच्या. सहा वर्षांच्या आत वीसपट! अशा वेळी वेग आणि एकवाक्यता या दोहोंचा मेळ घालणे किती अवघड असते, ते २०२५ च्या वसंतात दिसले. २६ मार्च आणि १२ एप्रिल या दिवशी देशभर यूपीआय अडखळली. १२ एप्रिलच्या घटनेचे एनपीसीआयने जे कारण शोधले ते आम्हांला फार बोलके वाटते. पैसे पाठवण्याच्या निरोपांनी व्यवस्था कोलमडली नव्हती. 'त्या व्यवहाराचे काय झाले?' हाच प्रश्न काही बँकांकडून, जुन्या व्यवहारांविषयीसुद्धा, इतक्या वेळा विचारला गेला की उत्तर देणाऱ्याला श्वास घ्यायला उसंत उरली नाही. शंका जितकी वाढली तितके उत्तर लांबले, आणि उत्तर लांबले म्हणून शंका आणखी वाढली.

यावर जे उपाय झाले ते दुहेरी होते. १६ जून २०२५ पासून उत्तराची कमाल मुदत घटवण्यात आली. रक्कम देण्याच्या निरोपासाठी ३० सेकंदांऐवजी १५, व्यवहाराची स्थिती विचारण्यासाठी ३० ऐवजी १०, आणि पत्ता पडताळण्यासाठी १५ ऐवजी १०. दुसरा उपाय प्रश्नांना आवर घालण्याचा. एका व्यवहाराची स्थिती ठरावीक वेळ थांबूनच आणि जास्तीत जास्त तीनदा विचारावी असे ठरले. १ ऑगस्ट २०२५ पासून एका ॲपवरून दिवसात ५० वेळाच शिल्लक पाहता येऊ लागली. आपोआप वजा होणाऱ्या हप्त्यांना गर्दीच्या वेळा वर्ज्य झाल्या. त्याचबरोबर प्रत्येक यशस्वी व्यवहारानंतर बँकेनेच शिल्लक कळवावी, असेही सांगण्यात आले.

आमच्या मते या साऱ्यात ही शेवटची सूचना सर्वांत समंजस आहे. माणूस पुन्हा पुन्हा विचारतो तो खोडसाळपणाने नव्हे, उत्तराची खात्री नसते म्हणून. प्रश्नांवर मर्यादा घालणे यंत्राच्या आरोग्यासाठी आवश्यक असेल, पण प्रश्न उद्भवण्यापूर्वीच उत्तर देणे हा त्यावरचा खरा उतारा. दुवा तुटलाच तर भरपाई कोणी करायची हेही ठरलेले असावे लागते. रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ रोजी त्याविषयी नियम घातले आहेत. ठरल्या मुदतीत रक्कम परत न आल्यास ग्राहकाला दिवसाला १०० रुपये मिळावेत, असे त्यांत म्हटले आहे. हुंडीच्या काळी हे बळ केवळ पतवानाला होते. आज ते, कागदावर तरी, चटणी विकणाऱ्याला आणि विणकरालाही आहे. त्यांना ते ठाऊक आहे काय, हा प्रश्न मात्र शिल्लक उरतो. तो आमच्यासारख्या शिकवणाऱ्यांनी स्वतःलाच विचारायला हवा.

परवा त्याच दुकानात पुन्हा गेलो होतो. पेटीखाली एक लाल वही दिसली. ज्या व्यवहाराचा आवाज येत नाही तो दुकानदार तीत टिपून ठेवतात आणि रात्री मोबाइलमधील यादीशी ताडून एकेक ओळ खोडतात. आमच्या त्या जुन्या ओळीवरही आडवी रेघ मारलेली होती. त्यांना आम्ही खोक्याची गोष्ट सांगितली. ते हसून म्हणाले, "म्हणजे आमचं काय चुकलेलं नाही तर!"