दाराची वाकडी फट आणि बिजागरी

हैदराबादेतील सुलतान बाजार, काचीगुडा या जुन्या मराठी वस्तीच्या भागांत लाकडी दारांचे दुखणे ऋतूगणिक बदलते. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांपुढे गेला की लाकूड आक्रसते आणि फटी रुंदावतात. जूननंतर तेच दार फुगून चौकटीला घासते. तेथील पाऊस गोव्याच्या मानाने फारच थोडा, तरी कोरडा उन्हाळा आणि दमट पावसाळा यांतील तफावत लाकडाला जाणवतेच.

लाकूड रेषांना आडवे फुगते, लांबीत जवळजवळ नाही. म्हणून कुलपाच्या बाजूची संपूर्ण कड सारखी घासत असेल, तर दोष हवेचा. अशा वेळी भर पावसात रंधा मारणे हा उतावीळपणा होय. उन्हाळ्यात तेथे बोटभर फट दिसेल. मात्र कुलपाकडील वरचा कोपरा चौकटीला टेकत असेल, खालचा कोपरा उंबरठ्यावर घासत असेल आणि बिजागरीच्या बाजूची फट वर रुंद, खाली अरुंद असेल, तर दार खचले आहे. वरची बिजागरी सैल झाल्याचे हे लक्षण. पूर्ण दाराचा भार तिलाच ओढत असल्याने तिचे स्क्रू प्रथम ढिले होतात.

प्रथम दार उघडून मोकळ्या टोकाखाली पाचर सारावी, म्हणजे भार बिजागरीवर राहत नाही. मग पेचकसाने वरच्या बिजागरीचे स्क्रू घट्ट करावेत. स्क्रू नुसताच फिरत राहिला, तर छिद्र मोठे झाले आहे. तो काढून बांबूच्या किंवा सागाच्या बारीक काड्या सरस लावून छिद्रात ठोकाव्यात, सरस वाळल्यावर गिरमिटाने नवे छिद्र पाडून स्क्रू बसवावा. चौकटीकडचा एखादा स्क्रू अधिक लांबीचा घेतल्यास पकड खोलवर पोहोचते. सगळे स्क्रू एकदम काढू नयेत.

इतके करूनही कोपरा वर आला नाही, तर खालच्या बिजागरीच्या पातीमागे जाड पुठ्ठ्याचा तुकडा घालावा. त्यामुळे दाराचा खालचा भाग कुलपाच्या बाजूला सरकतो आणि झुकलेला कोपरा उचलला जातो. पुठ्ठा मात्र एकावर एक रचू नये. एवढी गरज पडलीच, तर चौकट स्वतःच ओळंब्यातून ढळली आहे का, हे तपासावे.

नव्या इमारतींतील न्हाणीघरांना ग्रॅनाइटची चौकट असल्यास काड्यांचा उपाय चालत नाही. तेथे छिद्रातील प्लास्टिकची गुल्ली बदलावी लागते. हे काम लांबणीवर टाकू नये. अडकणाऱ्या दाराआड वृद्ध व्यक्ती किंवा लहान मूल कोंडले जाऊ शकते. दुरुस्ती होईपर्यंत आतली कडी लावू नये, असे घरच्यांना सांगून ठेवावे.

कपाटांच्या लपलेल्या बिजागऱ्यांचे काम सोपे. त्यांच्या एका स्क्रूने दार डावी-उजवीकडे, दुसऱ्याने आत-बाहेर सरकते. वर-खाली करण्यासाठी पट्टीचे स्क्रू सैल करावे लागतात. पाव फेरा फिरवून दार मिटून पाहावे, मगच पुढचा फेरा द्यावा.