लेणं, पण दागिना नव्हे

न्हावा-शेवा बंदराच्या क्रेनसमोरच घारापुरीची लेणी आहेत. हे ‘लेणं’ अंगावरच्या लेण्याचं भावंड नव्हे. संस्कृत ‘लयन’, प्राकृत ‘लेण’, म्हणजे आसऱ्याची जागा.

मौर्य साम्राज्य इ.स.पू. १८५ च्या सुमारास कोसळलं, पुढे दख्खन सातवाहनांकडे आलं. नाणेघाटाच्या लेखात त्यांनी अश्वमेध, राजसूय आणि गाईंची दानं मोजून दाखवली. दुसऱ्या शतकात, नाशिकच्या ३ क्रमांकाच्या लेण्यात राजमाता गौतमी बलश्री मुलगा गौतमीपुत्राला ‘एकबम्हण’, म्हणजे अद्वितीय ब्राह्मण, म्हणवते. अन् त्याच लेखात हे ‘लेण’ बौद्ध भिक्खूंना देऊन टाकते! नातू पुळुमावीने त्यासाठी गावही लावून दिलं.

शैव घारापुरी सहाव्या शतकातली, दख्खनमधल्या वाकाटक राजवटीनंतरची. बेटावर कलचुरी कृष्णराजाची नाणी सापडली. त्याच्या चांदीच्या नाण्यांवर बिरुद आहे ‘परममाहेश्वर’, म्हणजे शिवाचा परमभक्त.